आमची वाटचाल: माल पिंपालाच चिकटला होता

भांडुपच्या गाळ्यात बाबा फायबरचे पर्जन्यमापक बनवायचे. २०० चौरस सेंटिमीटरचं तोंड, गनमेटलची कड, ठरलेलं काम. मी हाताशी आलो तेव्हा एका प्रयोगशाळेने विचारलं, पावसाबरोबर उतरणारी किरणोत्सारी धूळ मोजायची आहे, पाणी गोळा करणारं भांडं बनवाल का? "मोठं नरसाळंच ना?" असं मी बोलून गेलो. त्या एका वाक्याने आमची तीन पावसाळे झोप उडवली.

धूळ इतकी विरळ, की ट्रे मोठा लागतो, म्हणून एक चौरस मीटरचा केला. त्यात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मुंबईच्या जुलैत दिवसाला शंभर मिलिमीटर म्हणजे काही नवल नाही. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला ९४४ पडला होता. एवढं पाणी साठवायचं कुठे आणि धूळ मोजण्यासाठी ते आटवायचं कुणाच्या गॅसवर?

मग रेझिनची, म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांची, नळी लावली. पाणी झिरपून जातं, सीझियम, बेरिलियम असे किरणोत्सारी पदार्थ रेझिनला धरून राहतात. पण मोठी सर आली की नळीला झेपेना, ट्रे भरून वाहायचा. त्यात कावळ्यांची पिसं. शेवटी ट्रे आणि नळीच्या मध्ये पिंप बसवलं आणि वर जाळी.

चाचणी घ्यायची कशावर, हा आणखी एक पेच. हवेतला शेवटचा अणुस्फोट १९८० चा, चीनचा. अशा स्फोटांतून येणारं सीझियम-१३७ आता पावसात जवळजवळ सापडतच नाही. पण बेरिलियम-७ मिळतं. वैश्विक किरणांमुळे ते वरच्या हवेत कायम तयार होत असतं आणि पावसाबरोबर खाली येतं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ५३ दिवसांचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्येच पावसाच्या पाण्यातल्या बेरिलियमवर शोधनिबंध लिहिला होता.

एकाच पावसात दोन ट्रे शेजारी ठेवले. एकाखाली रेझिन, दुसऱ्याखाली साधं पिंप. पिंपाचा आकडा कमी आला. पिंप आम्लाने विसळलं, तर उरलेलं बेरिलियम त्यात निघालं. इतके दिवस मी पाणी तपासायला देत होतो आणि माल पिंपालाच चिकटलेला! तेव्हापासून पावसाआधीच पिंपात आम्ल घालतो.

मार्च २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाच्या अपघातानंतर फोन खणखणू लागले. पण मार्चमध्ये मुंबईत पाऊस कुठला? ट्रेमध्ये बोटभर पाणी ठेवून कोरडी धूळ धरायचं तंत्र तेव्हा जमवलं. आज आम्ही पाच जण आहोत, आणि पोट अजूनही पर्जन्यमापकांवरच चालतं.

चाचणीचे ट्रे आमच्या सोसायटीच्या गच्चीवर असतात. एकदा वळवाची सर गेल्यावर टिश्यूने ट्रेची कड पुसून तो टिश्यू किरणोत्सार मोजणाऱ्या काउंटरला लावला. टकटक वाढली, तसे अध्यक्ष दचकले. "काका, हवेत एरवीही असणाऱ्या रेडॉन नावाच्या किरणोत्सारी वायूची ही पिलावळ, अर्ध्या-पाऊण तासात निम्मी होते," म्हटलं आणि चहा मागवला. चहा संपेस्तोवर टकटक खरंच उतरली.

"बरं, मग ट्रे जरा सरकव," ते म्हणाले. "उद्या ऊन पडलं की हिला कुरडया घालायच्यात."