इंजिन तापते, पण केव्हा?

गाडीचे इंजिन वारंवार तापत असल्यामुळे आजची सुट्टी त्याचे कारण शोधण्यात गेली. कूलंटची पातळी योग्य होती आणि गळतीही दिसत नव्हती. खरा धागा मिळाला तो इंजिन नेमके केव्हा तापते या प्रश्नातून. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहत होता, मात्र सिग्नलला गाडी थांबली की चढू लागत होता. म्हणजे धावत्या गाडीत समोरून येणारा वारा जे काम करतो, ते गाडी उभी असताना रेडिएटरचा पंखा करत नव्हता. वेगात किंवा चढावर तापमान वाढले असते, तर संशय थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा चोंदलेल्या रेडिएटरवर गेला असता. एसी सुरू करताच तोच पंखा फिरला, त्यामुळे मोटर निर्दोष ठरली. मग रेडिएटरवरील तापमानाच्या स्विचचा प्लग काढून त्याची दोन टोके वायरीने जोडली, तेव्हाही पंखा फिरला. दोष त्या लहानशा स्विचचा निघाला.

तो बदलण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होण्याची वाट पाहणे कंटाळवाणे होते, पण त्याला पर्याय नाही. रेडिएटरच्या झाकणामुळे आत सुमारे १ बार जादा दाब राहत असल्याने पाणी जवळपास १२० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, आणि गरम असताना झाकण उघडले की तेच पाणी उसळून अंगावर येते.

हेड गॅस्केटची (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधील सीलची) शंका सुचवणाऱ्या मित्रांसाठी: ते फाटून पाणी आत शिरल्याची चिन्हे नाहीत; ऑइल दुधाळ झालेले नाही, धूरही पांढरा नाही.