गाडीचा तो पिवळा दिवा अन् बाभळीचा काटा

मागच्या जानेवारीतली गोष्ट. तूर सोंगून झाली होती अन् आईला डोळे दाखवायला यवतमाळला न्यायचं होतं. दारव्ह्याजवळ आमचं गाव, सकाळी सातला निघालो तर काचेवर सगळं दव, एवढी थंडी. सात-आठ किलोमीटर गेलो असू नि मीटरमध्ये पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालेसारखा आकार अन् मधात उद्गारचिन्ह, म्हणजे टायरमधली हवा कमी झाल्याची खूण. उतरून पाहिलं, चारही चाकं सारखीच दिसत होती. ट्यूबलेस टायरमधली सात-आठ पॉइंट (म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा गेली तरी नुसत्या डोळ्यानं कळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढं हवा भरायला एका ठिकाणी थांबलो तर लाइन गेलेली, मशीन बंद. तिथला पोरगा म्हणे, "भाऊ, थंडीनं लागते हा दिवा, सगळ्यायच्याच गाड्यायचं तसं होऊन राह्यलं सध्या." अन् त्यानं स्टिअरिंगच्या बाजूचं एक बटन दाबून धरलं, दिवा लुकलुकला नि विझला. डॉक्टरकडचा नंबर चुकू नये म्हणून आम्ही तसेच निघालो.

सहा दिवस काहीच नाही. मग गाडी डावीकडं ओढायला लागली अन् दिवा परत लागला. पुढच्या डाव्या चाकाला हात लावला तर चांगलंच तापलेलं. पंचरवाल्यानं मोजली तर हवा 17, अन् दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली 33. त्यानं साबणाचं पाणी मारलं, आधी व्हॉल्ववर, मग रिमच्या कडेला, मग टायरवर, तेव्हा एका खाचेतून बारीक बारीक फुगे आले. बाभळीचा काटा, वरून पूर्ण तुटलेला, दिसतही नव्हता. आमच्याकडं धुऱ्यावर कुंपणाच्या काट्या ओढत नेतात, त्याचे तुकडे पांदणीत पडतात अन् काळ्या मातीत दबून राहतात. असा काटा टायरमध्ये बसला की तोच भोक बुजवून ठेवतो, हवा एकदम जात नाही, रोज पॉइंट-दीड पॉइंट जाते.

पण खरं नुकसान आत होतं. टायर रिमवरून काढल्यावर आतून रबराचा काळा भुगा निघाला. कमी हवेवर चालवलं की टायरची बाजू सारखी दुमडते, तापते अन् आतून घासली जाते, बाहेरून काहीच दिसत नाही. तो म्हणाला, "भोकात रबराची बत्ती भरून देतो मी, पण भाऊ, या टायरवर मायले बसवू नका." तिथंच स्टेपनी लावली नि दोन दिवसांनी नवीन टायर घेतला.

घरी आल्यावर गाडीचं पुस्तक काढून बसलो. हा दिवा दोन तऱ्हेनं चालतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकाच्या आत व्हॉल्वपाशी सेन्सर असतो, तो खरोखर हवा मोजतो. माझ्या गाडीत तसं काही नाही, तिच्यात एबीएसचे (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमचे) सेन्सर चाकं किती फिरतात ते मोजतात, हवा कमी झालेलं चाक थोडं बसतं, लहान होतं, म्हणून बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे मारतं, अन् हा फरक वाढला की दिवा लागतो. म्हणूनच तो उभ्या गाडीत नाही, सात-आठ किलोमीटर चालल्यावर लागला. आता पाहा, तापमान 10 अंश उतरलं की साधारण 2 पॉइंट हवा कमी होते, पण ती चारही चाकांची सारखीच होते. म्हणजे ज्या गाडीत चाकात सेन्सर आहे तिचा दिवा थंडीनं लागू शकतो, माझ्यासारख्या गाडीचा नुसत्या थंडीनं सहसा लागत नाही! लागला म्हणजे एक चाक बाकीच्या तिघांपासून वेगळं झालं.

अन् ते बटन. ते दाबलं की गाडी समजते, आत्ता आहे तीच बरोबर हवा. आम्ही ते आठेक पॉइंट कमी हवेवर दाबलं, म्हणून पुढचे सहा दिवस गाडी गप्प राहिली, आणखी हवा गेली तेव्हाच परत बोलली. आधी चारही चाकांत स्टिकरप्रमाणं हवा भरायची, मग बटन, हा क्रम लय महत्त्वाचा आहे. दिवा एक-दीड मिनिट लुकलुकून मग लागूनच राहिला तर मात्र बिघाड त्या सिस्टीममध्येच असतो, पण हवा तरीही मोजून घ्यायचीच.

आता मी हवा मोजायचा छोटा गेज घेऊन गाडीत ठेवला आहे. रविवारी सकाळी गाडी काढायच्या आधी, चाकं थंड असताना मोजतो, कारण चालून आलेल्या टायरमध्ये तीन-चार पॉइंट जास्त दिसतात, ते पाहून मे महिन्याच्या उन्हात कोणी हवा सोडली तर सकाळी कमीच भरणार. चारही आकडे कॅलेंडरवर लिहितो. चारही सारखे उतरले तर थंडी, एकच उतरला तर काटा.

या रविवारी आई दारात उभी राहून विचारत होती, "किती आली रे?" पुढचे दोन 33, मागचा उजवा 33, मागचा डावा 31. गेल्या रविवारी तोही 33 होता. आज संध्याकाळी साबणाचं पाणी घेऊन बसतो.