आयर्लंडमधल्या गावच्या क्लबचा इतिहास: जुने स्कोअर कसे वाचायचे

आयर्लंडच्या खेड्यातल्या हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) किंवा गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश फुटबॉल) क्लबचा इतिहास वाचताना पहिली ठेच लागते ती जुन्या स्कोअरशी. हर्लिंगमध्ये आज 2-11 म्हणजे दोन गोल (चेंडू आडव्या दांड्याखालून) आणि अकरा पॉइंट (दांड्यावरून). एका गोलचे तीन पॉइंट धरून एकूण 17. हाच हिशेब 1890च्या सामन्याला लावलात तर विजेताच बदलू शकतो. तेव्हा एक गोल कितीही पॉइंटांना भारी पडायचा, त्यामुळे 1-0 वाला संघ 0-9 वाल्याला हरवायचा. 1892 साली गोलला पाच पॉइंट मिळू लागले आणि 1896पासून तीन. पूर्वी गोलच्या दोन्ही बाजूंना पॉइंटसाठी वेगळे खांब असत. 1910 साली ते काढून आजचे एच आकाराचे खांब आले. म्हणून जुना स्कोअर नोंदीत असेल तसाच लिहावा, त्याची बेरीज करू नये.

वर्षांचाही असाच घोळ होतो. 1887च्या पहिल्या ऑल-आयर्लंड हर्लिंग स्पर्धेची फायनल बर गावी झाली ती 1 एप्रिल 1888ला. थर्ल्स विरुद्ध मीलिक, टिपररी आणि गॉलवे काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) वतीने खेळणारे हे दोन क्लबच. स्पर्धेचं वर्ष आणि सामन्याची तारीख वेगवेगळी नोंदवलेली बरी.

पण खेड्यातल्या क्लबचं नशीब ठरतं ते माणसांच्या संख्येवर, आणि करंडकांच्या याद्यांमध्ये नेमकं हेच दिसत नाही. या खेळांची संघटना, गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, 1884 साली थर्ल्समध्ये स्थापन झाली. सुरुवातीला मैदानात 21 जण लागत, 1892पासून 17, 1913पासून 15. क्लबची हद्द बहुधा पॅरिशपुरती, म्हणजे एका चर्चखालच्या वाड्यावस्त्यांपुरती. खेळाडू तिथूनच उभे करायचे. 1950च्या दशकात सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली, त्यात तरुण जास्त. अशा काळात एखादा क्लब काही वर्षं नोंदींतून गायब होतो. तो बंदच पडला असं लगेच समजू नये. शेजारच्या पॅरिशबरोबर मिळून नव्या नावाने तो खेळत असू शकतो, आणि पुढे पोरं वाढली की पुन्हा वेगळाही होतो. काही पॅरिशमध्ये हर्लिंगच्या क्लबचं नाव एक, फुटबॉलच्या क्लबचं दुसरं, आणि खेळाडू बरेचसे तेच. एकाच नावाने शोधलं तर अर्धा इतिहास हातून निसटतो. आयरिश स्पेलिंगनेही शोधावं.

‘ज्युनिअर’ विजेतेपद दिसलं तर ते मुलांचं समजू नका. ती प्रौढांचीच खालची श्रेणी. तिच्या वर इंटरमीजिएट, मग सीनिअर. लहान पॅरिशसाठी ज्युनिअर करंडक म्हणजे एका पिढीची कमाई असते.

खेळाडूंच्या याद्याही तपासून घ्याव्यात. 1971पर्यंत सॉकर किंवा रग्बी खेळणाऱ्याला असोसिएशनमधून निलंबित करत, त्यामुळे काहीजण खोट्या नावाने मैदानात उतरायचे. वर्तमानपत्रातलं अनोळखी नाव बाहेरच्या खेळाडूचं ठरवण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना विचारावं.