पहाटेची पोटदुखी

पहाटे साडेपाचला मावशींनी खोलीचं दार वाजवलं. “सर, पोटदुखीचा पोरगा आलाय.”

मोखाडा-जव्हारच्या डोंगरात आवणीचे दिवस होते. पावसाळ्यात आमच्याकडे पोटदुखी, उलट्या, जुलाब रोजचेच. पाणी गढूळ झालेलं असतं आणि कारण शोधायला लांब जावं लागत नाही. तरीही त्या दिवसांत पहाटे पोट धरून कुणी आलं की मी आधी एकच विचारतो: रात्री कुठे झोपला होता?

हा प्रश्न मी फार महागात शिकलो आहे. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या ठिकाणी नोकरीला असताना बारा वर्षांची एक मुलगी अशीच आली होती. मी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि केसपेपरवर ‘निरीक्षणाखाली’ असं लिहिलं. सकाळी आठला सिस्टर म्हणाल्या, सर, ती डोळे उघडत नाहीये. रात्रभर जागी होती, झोपू दे, असं मी म्हणालो. ती झोपलेली नव्हती. साडेआठला तिचा श्वास थांबला. तिच्या आजोबांनी जाताना मला हात जोडले होते. ते हात मी विसरू शकत नाही.

हा मुलगा नऊ वर्षांचा. आई म्हणाली, तीन वाजल्यापासून पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली, ओव्याचं पाणी दिलं. कुठे झोपला होता? खाली, गोधडीवर. कुडाचं घर, कोपऱ्यात भाताच्या गोणी. गोणी म्हणजे उंदीर, आणि उंदरामागे घरात कोण येतं ते या भागात सगळ्यांना माहीत आहे.

“साप नाय दिसला, डॉक्टर. चावला पण नाय काही.”

मी टॉर्च घेऊन त्याला टाळूपासून तळपायापर्यंत पाहिलं. खूण नाही, सूज नाही. मण्यारीचं असंच असतं. दात इतके बारीक की झोपलेल्याला डास चावल्याइतकंही जाणवत नाही. मग मी त्याला वर बघायला सांगितलं. डोळे वर गेले, पापण्या मात्र अर्ध्यावरच राहिल्या. उशीवरून मान उचल म्हटलं, तर हनुवटी नुसती थरथरली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, कारण ती त्याला गिळता येत नव्हती. ऑक्सिजन ९४ दिसत होता. या विषात तो आकडा उशिरा पडतो, त्यावर विसंबायचं नसतं. त्याऐवजी एका श्वासात आकडे मोजायला लावले. पहिल्यांदा अकरापर्यंत गेला. दहा मिनिटांनी सहा.

एवढ्यावर मी एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, काढायला सांगितलं. खूण नाही, साप कुणी पाहिला नाही. मला शंका नव्हती.

एएसव्ही म्हणजे कुपीत पांढरी पूड. दहा मिली पाण्यात ती विरघळवायची. घाईने खळखळ हलवली की फेस होतो, म्हणून दोन तळहातांत धरून रवीसारखी हळूहळू फिरवत बसावं लागतं. समोर मूल गळत चाललेलं असताना हे ‘हळूहळू’ फार कठीण असतं. सिस्टर, मावशी, वॉर्डातले मामा आणि मी, चौघांनी मिळून दहा कुप्या फिरवल्या. लहान मूल म्हणून डोस कमी करायचा नसतो. साप वय बघून विष सोडत नाही. एएसव्हीची रिअ‍ॅक्शन आली तर द्यायचं अ‍ॅड्रेनॅलिन आधीच भरून उशाशी ठेवलं होतं आणि ते लागलंही. पंधराव्या मिनिटाला अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या. औषध थांबवलं, मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन दिलं, गांधी बसल्यावर पुन्हा सुरू केलं.

नातेवाईकांना एक गोष्ट समजावणं अवघड जातं. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन बसतं, जिथून स्नायूला हुकूम पोचतो. एएसव्ही रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठते, पण टोकाशी बसलेलं विष तिला सोडवता येत नाही. ती टोकं शरीर स्वतः दुरुस्त करतं आणि त्याला दिवस लागतात. निओस्टिग्मिन-अ‍ॅट्रोपिन देऊन पाहिलं. नागाच्या दंशात त्याने पापण्या उघडताना मी पाहिल्या आहेत. इथे उघडल्या नाहीत. म्हणजे ते दिवस भरेपर्यंत त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी श्वास घ्यायचा, उपाय तो एवढाच. आमच्याकडे व्हेंटिलेटर नव्हता. १०८ ला फोन केला.

गाडी येईपर्यंत त्याचं मोजणं दोनवर आलं होतं. जरा गुंगी देऊन श्वासनलिकेत साडेपाच नंबरची नळी घातली. सकाळच्या ड्युटीचे डॉक्टर आले तसा मी गाडीत बसलो. नाशिकपर्यंत १०८ चे डॉक्टर आणि मी आलटूनपालटून अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबणार होतो. तोरंगण घाटात धुकं आणि पाऊस असा की पायलटला पुढचं वळण दिसेना. गाडी कलली की माझा हात चुकायचा. त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे आम्हा दोघांच्याही मनगटात गोळे आले. तेव्हा मुलाचा मामा म्हणाला, “मी दाबू का, सर? नांगर धरतो रोजचा.”

मी त्याला शिकवलं. छाती उठेल एवढंच दाबायचं, सोडायचं, तीन मोजायचं, पुन्हा दाबायचं. किती वेळा दाबलं हेही मोजत राहा म्हणालो, म्हणजे लय सुटत नाही. तो मोठ्याने मोजू लागला. वीस झाले की पुन्हा एकपासून.

आई पायाशी बसली होती. मूल हलत नाही, डोळा उघडत नाही, पापणी उचलून टॉर्च मारला तरी काही होत नाही. तिने पदर तोंडात कोंबला होता. तिला वाटत होतं की आम्ही मेलेल्या मुलाला घेऊन फिरतोय. खरं सांगायचं तर असा रुग्ण पहिल्यांदा पाहणाऱ्या डॉक्टरलाही तसं वाटू शकतं. मेंदू मेल्यासारखीच सगळी चिन्हं असतात, आणि आत माणूस टक्क जागा असतो. गुंगीचं औषध मघाच उतरलं होतं. मी त्याच्या कानाशी वाकलो. “बाळा, ऐकू येतंय ना? उजव्या पायाचा अंगठा हलव.”

काही नाही. पुन्हा सांगितलं. मग अंगठा हलला. अगदी तांदळाच्या दाण्याएवढा, पण दोनदा. आईचा हात मी त्या अंगठ्यावर ठेवला आणि तिसऱ्यांदा सांगितलं. तिला तो कळला. त्यानंतर नाशिक येईपर्यंत ती अंगठा धरून त्याच्याशी बोलत होती: शेळी व्याली की करडू तुझं, आजी तुझी वाट बघतेय, असं काहीबाही. तिला मी बोलत राहा असं सांगितलं होतं. मोठ्या गावातल्या आयसीयूंनाही माझी हीच कळकळीची विनंती आहे. मण्यारीच्या रुग्णाच्या खाटेशी उभं राहून ‘काही आशा नाही’ असं बोलू नका.

सहा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. सातव्या दिवशी नळी निघाली. घरच्यांनी भाताच्या गोणी हलवल्या तेव्हा मागे मण्यार सापडली, काळी कुळकुळीत, अंगावर जोडीजोडीने पांढरे पट्टे.

तीन आठवड्यांनी मायलेक ओपीडीत आले. आवाज अजून बसका होता. घरात मच्छरदाणी आणली होती आणि तिच्या कडा गोधडीखाली खोचायच्या हे त्याने मला हाताने करून दाखवलं. साप आत शिरू नये यासाठी त्याहून स्वस्त काही मला माहीत नाही. मी विचारलं, गाडीतलं काही आठवतं का?

“मामा मोजत होता. एकदा त्याने सोळा सोडला.”

मग तो थोडा वेळ गप्प बसला.

“तुम्ही त्या दुसऱ्या डॉक्टरला बोललात, बाहुल्या मोठ्या झाल्यात, हलत नाहीत.”

बोललो होतो. नाशिकला आधी फोन करून सांगा, हे विषाने झालंय, मेंदू शाबूत आहे, असंही त्यापुढे म्हणालो होतो.

“मला वाटलं गाडीत बाहुल्या आहेत. डोळं उघडायला खूप जोर केला. कुठं होत्या?”

मी खिशातला टॉर्च काढला, भिंतीवरचा आरसा त्याच्या हातात दिला आणि त्याला त्याच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्या उजेडात लहान होताना दाखवल्या.