डांबराचा काही दोष नव्हता

फाटकापासून पायरीपर्यंतच्या डांबरी वाटेला मी दहा वर्षं शिव्या घातल्या. गाडीच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पाडलेल्या, त्यांत पाणी साचायचं, आणि कोरड्या दिवसांत कडेला बोट जाईल एवढी भेग. शेवटी ठरवलं, हे उखडायचं आणि पेव्हर ब्लॉक बसवायचे. दहा मीटर लांब, चार मीटर रुंद. आठवड्याचं काम, असं मी घरात जाहीरही करून टाकलं.

डांबर अर्ध्या दिवसात निघालं. जेमतेम चार सेंटिमीटरचा थर. त्याखालची खडी चिकणमातीत पार बुडालेली, वेचून काढावी लागेल अशी. मिस्त्रींनी पहार खुपसली, टोकाला चिकटलेला गोळा बोटांत चुरून पाहिला आणि म्हणाले, "ताई, डांबर काय करणार बिचारं? खाली बूडच नाही."

ही माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. शिवाय ओली असताना वरून चाक गेलं की ती खडीच्या फटींतून वर सरकते आणि खडी खाली जाते. मी नुसते ब्लॉक बदलले असते तर त्याच चाकोऱ्या पडल्या असत्या, फक्त महागातल्या.

मग खणणं आलं. ब्लॉक 60 मिलिमीटर, खाली वाळू 40, त्याखाली खडीचा भराव 250. म्हणजे 350 मिलिमीटर, आणि तेही तयार पातळीपासून मोजायचे. ती पातळी जोत्यातल्या ओल अडवणाऱ्या थराच्या 150 मिलिमीटर खाली हवी, नाहीतर भिंतीला ओल. हिशेबाने 14 घनमीटर माती. पण चिकणमाती खड्ड्यातून बाहेर आली की सुटी होऊन फुगते, हे मला ढीग बघून कळलं.

चूक माझीच झाली. रात्री पाऊस पडला. मिस्त्री म्हणाले, दोन दिवस थांबा. मला घाई; प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थरथरत माती दाबणारं यंत्र, आणलेला, तो रिकामा उभा कसा ठेवायचा? चालवायला लावला. पाच मिनिटांत तळ पाण्याच्या पिशवीसारखा डुलायला लागला. यंत्र इकडे दाबतंय, माती तिकडे वर येतेय. तेवढा भाग आणखी खोल खणून खडीने भरावा लागला. मिस्त्री त्यावर एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

तळ सुकल्यावर आधी जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरलं. पाणी जाऊ देतं, माती वर येऊ देत नाही. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची वस्तू. त्यावर मोठ्या खडीपासून बारीक कचीपर्यंत मिसळलेला भराव, दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा दाबून. मग कडेचे ब्लॉक काँक्रीटमध्ये पक्के केले, कारण कड सुटली की आतले सगळे हळूहळू बाहेर चालू लागतात. वाळू जाड, कणीदार. गिलाव्याची बारीक वाळू पाणी धरून ठेवते आणि ब्लॉकखालून सरकते. दोन पाइप टेकवून त्यांवरून फळी ओढली, आणि त्या सपाट वाळूवर पाय ठेवणाऱ्याला मी घरात घेणार नव्हते.

ब्लॉक बसवणं मात्र सुखाचं. चौरस मीटरला पन्नास, म्हणजे दोन हजार. मांडणी हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी तिरकी-आडवी गुंतलेली, कारण वळणाऱ्या चाकाला ती सगळ्यांत चांगला विरोध करते. उतार घरापासून बाहेर, साठास एक; फाटकाशी पोचेतो सोळा-सतरा सेंटिमीटर. तिथे नाली. कुणीतरी सुचवलं होतं, पाणी जिरवणारे ब्लॉक घ्या. चिकणमातीत जिरणार कुठे? खाली निचऱ्याचा पाइप टाकल्याशिवाय ते डबकंच. शेवटी सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडून भरली आणि यंत्र फिरवलं.

आठवड्याचे साडेतीन झाले.

दोन वर्षांनी कोरड्या हंगामात झाडाजवळ ताटाएवढी जागा खचली. मुळांनी तिथली माती शोषून आकसवली होती. मी अकरा ब्लॉक उचकटले, वाळू घातली, फळीने सारखी केली आणि तेच ब्लॉक परत ठोकून बसवले. अर्धा तास लागला, मिस्त्रींना फोनही केला नाही. झाड काढा असं सगळे सांगतात, पण ते आमच्या आधीपासून तिथे आहे, आणि वाळूची एक गोणी अजून शिल्लक आहे.