तुम्ही विचारलंत म्हणून: सूट द्यावी की कर लावावा?

गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा विषय निघाला की मला हे हटकून विचारलं जातं: लोकांनी कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या घ्याव्यात म्हणून सरकारने सूट द्यावी, की बाकीच्या गाड्यांवर कर लावावा?

दोन्ही, आणि एकाच हिशेबात. जास्त पिणाऱ्या गाडीकडून घ्यायचं, कमी पिणारीला द्यायचं. पेट्रोलवरचा कर हवाच, कारण जो जास्त फिरतो तो जास्त भरतो. पण शोरूममध्ये उभा असलेला माणूस पुढच्या दहा वर्षांच्या पेट्रोलचा हिशेब मांडत बसत नाही. तो किंमत बघतो. फरक तिथेच दिसायला हवा.

फ्रान्सने २००८ मध्ये हेच केलं. किलोमीटरला १३० ग्रॅमपर्यंत कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या नव्या गाडीला बक्षिसी, १६० च्या वर गेलात की २०० ते २,६०० युरो भुर्दंड. लोक छोट्या गाड्यांकडे असे वळले की जमा कमी पडली आणि बक्षिसी जास्त वाटावी लागली. याला कुणी फसलेली योजना म्हटलं की मला राग येतो. लोकांनी ऐकलं म्हणून तर तूट आली! अशा वेळी मर्यादा खाली आणायची; त्यांनीही पुढे तेच केलं.

खरी भीती पळवाटेची. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर कर बसवला, पण तो फक्त कारवर. पिकअप, व्हॅन आणि पुढे एसयूव्ही त्यातून सुटल्या, आणि घरोघरी त्याच आल्या.

आता एक आकडेमोड, कागदावर करून बघाच. लिटरला १० किलोमीटर देणारी गाडी शंभर किलोमीटरला १० लिटर पिते. ती साडेबारा देऊ लागली की ८ लिटर, वाचले दोन. वीस देणारीला ५ लिटर लागतात, ती पंचवीसवर गेली की ४; वाचला एकच. अ‍ॅव्हरेज पाचने वाढूनही बचत निम्मी! म्हणून वीसच्या गाडीला पंचवीसवर नेण्यासाठी सूट वाटण्याआधी मी दहाच्या गाडीवर कर लावीन, मग ती कार असो की एसयूव्ही.