दुधाचा दात आणि क्लोज-अप

सकाळी मेकअप रूममधून निरोप आला, पोराचा वरचा दात पडला. वय सात, पहिलाच चित्रपट, शाळेच्या स्नेहसंमेलनातही कधी स्टेजवर न गेलेला. आणि त्या दिवशी नेमका वडील परत येणार नाहीत हे त्याला कळण्याचा प्रसंग. निम्मा सीन आदल्या दिवशी झाला होता आणि त्यात दात स्पष्ट दिसत होते. कंटिन्युइटीचे, म्हणजे आधीच्या शॉटशी सगळं जुळावं म्हणून काढलेले, फोटो बघून सगळे गप्प.

खोटा दात बसवता येतो, पण माप द्या, बनायची वाट बघा, वर सवय होईपर्यंत ‘स’ बोबडा येतो. नियमाने मुलाला दिवसाला 5 तास काम, सलग 3 तासांच्या वर नाही. दिग्दर्शकाने त्याचे संवादच कापले. पोरगा तोंड मिटून नुसतं ऐकणार.

क्रमही फिरवला. त्याचा क्लोज-अप आधी, मोठ्यांचे शॉट नंतर. पाठमोऱ्या शॉटला त्याच उंचीचा डबल, म्हणजे त्याच्या जागी उभा राहणारा बदली. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, पण 85 एमएमची, लांबून जवळचं दाखवणारी लेन्स लावून लांब. जमिनीवर टेप मारली की मुलं हमखास खाली बघतात, म्हणून वाळूची लहानशी पिशवी. पायाला लागली की थांबायचं. क्लॅप, म्हणजे शॉटचा नंबर लिहिलेली आपटायची पाटी, शेवटी, उलटा धरून. सुरुवातीलाच दिला तर मूल दचकतं आणि जमलेला चेहरा गेलाच.

रडवायचं कसं? चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ (1921) च्या वेळी त्यातल्या बालकलाकाराला, जॅकी कूगनला, त्याच्या वडिलांनी खरोखरच वर्कहाउसमध्ये (निराधारांना ठेवून राबवून घेणाऱ्या जागेत) धाडायची धमकी दिली होती; चॅप्लिनच्या आत्मचरित्रात आहे. असल्या युक्त्या मला पटत नाहीत, शिवाय टिकतही नाहीत. घाबरवलेलं मूल एकदा रडतं, अँगल बदलला की कोरडं. आम्ही त्याला एवढंच सांगितलं: श्वास घेऊन धरून ठेव, समोरचे नटकाका बोलायचे थांबले की नाकाने थोडा-थोडा सोड. छाती हलते, हनुवटी थरथरते. डोळ्यांत पाणी नसलं तरी भागतं.

भर घातली ती त्याच्या जिभेने. मिटलेल्या ओठांआड ती सारखी दाताच्या रिकाम्या जागेकडे जात होती, आणि मॉनिटरवर तो काहीतरी बोलायचं गिळतोय असं दिसत होतं. कोणी शिकवून आलं नसतं. तेवढ्यात साउंडवाल्याने हात वर केला. कपड्यांत लावलेल्या छोट्या लेपल माइकवर शर्ट घासत होता. टेक बाद. पुढचा टेक ओके, आणि चित्रपट लागल्यावर लोक त्याला ओळखू लागले ते त्याच शॉटमुळे.

वेळ संपताच त्याला सोडलं, उरलेलं डबलवर उरकलं. त्याचे संवाद असलेले बाकीचे सीन वेळापत्रकात पुढे ढकलले आणि दंतवैद्याची वेळ घेतली.